पंखराजची राहिलेली फेरी

साताऱ्याला विमानतळ नाही, हे सरकारचं म्हणणं झालं. सरकारचे नकाशे मीच रंगवत होतो, त्यामुळे त्या म्हणण्यावर किती विसंबायचं ते मला ठाऊक आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, आमच्या गल्लीत, शेडगेअण्णांच्या परसातल्या गोठ्यात विमानतळ होता. सत्तरच्या त्या दशकात तिथून आठवड्याला तीन-चार विमानं सुटायची आणि एकूण एक वेळेवर पोचायची. मी स्वतः त्या गोठ्यातून बेळगाव, गोवा, भावनगर आणि नागपूर केलेलं आहे. एकदा सकाळी हैदराबादला जाऊन दुपारी घरी येऊन जेवलो, आणि बायकोनं विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. तिनं वाढलेलं ताट परत आत नेलं.

केशव शेडगे म्हणजे हवाई अण्णा. माणूस असा उंच आणि वाळका, की उन्हात उभा राहिला तर सावली काठीची पडायची. पंखराज हवाई सेवा नावाची एक कंपनी मुंबईत होती. मोटार भाड्यानं द्यावी तशी ती विमानं भाड्यानं द्यायची. कुणाचं वऱ्हाड, कुणाचा आजारी बाप, कुणाचे आंबे. कागदावर तीन विमानं होती. प्रत्यक्षात अडीच, कारण तिसऱ्याचे भाग काढूनच पहिली दोन उडायची. अण्णा तिथे फिटर. विमान उडण्याआधी आणि उतरल्यानंतर त्याच्या पोटाखाली आडवं पडणं हा त्यांचा धंदा. विमानात बसून ते कधी कुठं गेले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "वाढप्यानं पंगतीत बसायचं नसतं, भाऊसाहेब."

कंपनी बुडाली तेव्हा कुणी खुर्ची उचलली, कुणी पंखा. अण्णांनी एक पत्र्याची ट्रंक उचलली. तिच्यात चौदा रजिस्टरं. प्रत्येक फेरीची तारीख, सुटायची वेळ, पोचायची वेळ, वारा किती आणि कुठून, आत कोण बसलं होतं, सगळं. आणि साताऱ्याला परतताना कुठल्याशा फ्लाइंग क्लबाच्या भंगारातून त्यांनी एक पेटी आणली. ट्रकमधून ती उतरवायला गल्लीतले सोळा जण लागले. मी धरून सतरा, पण मी सूचना देत होतो.

ती पेटी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. निळ्या रंगाची लाकडी पेटी, तिला कोंबडीएवढे आखूड पंख. आत एकच माणूस बसायचा. वरून झाकण लावलं की बाहेरचं काही दिसायचं नाही, समोर फक्त काटे आणि तबकड्या. खाली चामड्याचे भाते. मोटर त्या भात्यांतली हवा ओढायची, आतला माणूस दांडा हलवायचा, आणि पेटी विमानासारखी कलायची, डुलायची, गरागरा फिरायची. पण जागा म्हणून सोडायची नाही. ढगात विमान कसं चालवायचं ते नव्या पायलटांना अशा पेटीत शिकवत. बाहेर एक टेबल, टेबलावर नकाशा, आणि नकाशावर तीन चाकांचं एक खेळणं. पेटी वळली की ते वळायचं आणि मागं शाईची रेघ सोडायचं. त्याला गल्लीत खेकडा म्हणत. आतल्या माणसाला आपण कुठं चाललोय असं वाटतं आणि तो खरोखर कुठं चाललाय, यातला फरक तो खेकडा शाईनं काढून दाखवायचा. असा एकेक खेकडा प्रत्येक माणसामागे सोडायची सोय झाली असती, तर आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं राजीनामा देऊन मोकळी झाली असती.

नकाशे माझे. मी बांधकाम खात्यात नकाशे गिरवणारा ट्रेसर होतो. त्यामुळे पंखराजची विमानं सरकारी कापडावर सरकारी शाईतून उडायची.

सुरुवातीला पेटी हलेना. भाते फुटलेले. अण्णांनी मिरजेहून हार्मोनियमवाले हुसेनभाई आणले. त्यांनी बोटं मोडली, एकेका भात्याला कान लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "अण्णा, ह्ये काळी चारला गळतंय." आठ दिवस राहिले, सगळं नवं चामडं चढवलं. त्यानंतर विमान डावीकडं वळलं की पेटीतून असा सूर लागायचा, की दोन घरं सोडून राहणारे गाण्याचे मास्तर तंबोरा त्यावर जुळवून घेत. मास्तर हे नाकारायचे; पण तंबोरा कधी बेसूर नव्हता हे त्यांनाही नाकारता आलं नाही.

मग फेऱ्या सुरू झाल्या. अण्णांचा नियम एकच, पण कडक : रजिस्टरात जी फेरी ज्या तारखेला, ज्या वेळेला गेली, ती त्याच तारखेला, त्याच वेळेला जाणार, आणि तितकाच वेळ चालणार. भावनगरला सव्वादोन तास लागले असतील तर अण्णा सव्वादोन तास त्या पेटीत. टेबलाशी पारूकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी. नऊवारीचा पदर खोचून, कानाला टेलिफोनवाले लावतात तसा पट्टा लावून त्या टेबलावरच्या कळीनं खेकड्याला ढकलणारा वारा लावायच्या-बदलायच्या, खेकड्यात शाई भरायच्या आणि आतल्या अण्णांशी बोलायच्या.

"कुठवर आलासा?"

"खंडाळा. ढग हाय."

"ढग असू द्या. वर स्वेटर घातलाय न्हवं?"

आम्ही प्रवासी गोठ्यातल्या बाकावर. आत येताना अंगावरचं सगळं लोखंड दाराबाहेरच्या टोपलीत काढून ठेवायचं. किल्ल्या, अडकित्ता, चाकू, सगळं. कारण पेटी खरोखर फिरायची म्हणून तिच्यातला कंपासही खराखुरा विमानातला होता, आणि लोखंड जवळ आलं की त्याचा काटा भरकटतो. मोटरसुद्धा अण्णांनी वीस पावलं लांब चुलीपाशी ठेवून नळ्यांनी हवा आणली होती. पेन्शनर सुभेदार निकम एकदा छातीवरची पदकं काढायला तयार होईनात.

"लढाईत मिळवल्यात ही!"

"सुभेदार, लढाईत मिळवा न्हाईतर जत्रंत," अण्णा म्हणाले, "कंपासला समदं सारखंच." सुभेदारांनी पदकं काढली, मात्र त्या दिवशी ते गोव्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

एकदा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. अण्णांचीच सही पाहिजे. काकींनी पट्ट्यातून विचारलं आणि त्याला सांगितलं, "सोलापूरच्या वर हायत. चाळीस मिनिटं लागत्याल. बसा." पोस्टमन कायद्याचा माणूस, म्हणाला, दारात पत्र घेणारा हजर नसेल तर तसा शेरा मारून परत नेतो. काकी म्हणाल्या, "हजर हायत की. आवाज येतोय न्हवं?" पोस्टमननं पेटीकडं पाहिलं. ती कललेली होती आणि गुणगुणत होती. त्यानं बराच विचार केला, टोपलीत सायकलची किल्ली टाकली आणि बाकावर बसला. उतरल्यावर अण्णांनी सही केली आणि उशिराबद्दल कंपनीच्या वतीनं माफी मागितली. पुढं तो पोस्टमन आमच्या गल्लीत कायम शेवटी यायचा, म्हणजे बसायला वेळ मिळावा म्हणून.

इतकं सगळं हसण्यावारी नेता येतं. पण चौदाव्या रजिस्टरातली शेवटची फेरी हसण्यातली नव्हती, आणि पेटी आणली होती ती खरं तर तिच्यासाठीच.

दसऱ्याची फेरी. मुंबई ते सांगली, दीड तास. सांगलीचे एक गुळाचे व्यापारी सहकुटुंब सणाला घरी निघाले होते. फेरी चांगली झाली असती तर व्यापाऱ्यांनी दर महिन्याची बोली करायची ठरवली होती आणि डुगडुगणारी कंपनी उभी राहिली असती. विमान चालवायला कॅप्टन आठल्ये, सांगलीचेच. पंखराजमधला सगळ्यात भरवशाचा माणूस. अण्णा आदल्या दिवशी मुंबईत विमानाची सगळी तपासणी करून, विमान उतरवून घ्यायला एस.टी.नं पुढं सांगलीला गेले. धावपट्टी म्हणजे सांगलीबाहेरचा माळ. तिथं अण्णा साडेदहापासून दिवस मावळेपर्यंत वर बघत उभे राहिले. मान इतकी अवघडली की पुढं पंधरा दिवस ते फक्त झाडांशी बोलू शकत होते, असं काकी सांगायच्या.

विमान आलं नाही. ते वडूजला उतरलं होतं. वाटेत खाली ढग लागले. ढग फाटले तेव्हा खाली कृष्णा दिसायला हवी होती. दिसला तो खटावचा कोरडा माळ. कॅप्टननी नदी शोधत घिरट्या घातल्या, पेट्रोल सरत आलं, तेव्हा वडूजच्या एका बाजरीच्या कापल्या रानात त्यांनी विमान अलगद ठेवलं. कुणाला ओरखडा नाही. सबंध तालुका बघायला लोटला. एका आजीनं विमानाला ओवाळलं आणि दसऱ्याला दारी आलं म्हणून त्याच्या नाकाला हळदीकुंकू लावलं. व्यापारी मात्र बैलगाडीतून सांगलीकडं निघाले ते परत विमानाचं नाव काढण्यासाठी नव्हे. चौकशीत 'वैमानिक वाट चुकला' असा शेरा बसला. कॅप्टनचं लायसन वर्षभरासाठी गेलं. वर्ष भरायच्या आत कंपनीच गेली. रजिस्टरात त्या फेरीपुढं पोचल्याची वेळ कोरी आहे.

"साहेब वाट चुकायचे न्हाईत," अण्णा म्हणायचे. दुसऱ्या कुठल्याही विषयावर ते चेष्टा सहन करत. या विषयावर नाही. "वारा व्हता. पश्चिमेचा. नोंदवला न्हाई कुणी. त्यो मी शोधून काढणार आन् त्यो शेरा पुसायला लावणार."

म्हणून दर दसऱ्याला दहा वाजता ती फेरी निघायची; सणाची असल्यानं तेवढी एक तिथीनं. दर दसऱ्याला अण्णा काकींना नवा वारा लावायला सांगायचे. आणि दर दसऱ्याला खेकडा फार तर थोडा हेलकावून सरळ सांगलीला पोचायचा. खेकडा वडूजला न्यायला शेवटी असा वारा लावावा लागला, की काकी म्हणाल्या, "आवं, एवढ्या वाऱ्यात विमानच काय, सांगली बी जाग्यावर ऱ्हाणार न्हाई." मग अण्णा सांगलीला कॅप्टनना पोस्टकार्ड टाकायचे : अमुक वारा लावून पाहिला, जमलं नाही, पुढल्या साली पाहतो, आपण एकदा यावं. उलटटपाली कॅप्टनचं कार्ड यायचं. त्यावर दोनच शब्द : 'वारा नव्हता.'

ते शब्द वाचून अण्णांचं तोंड उतरायचं. साहेबांनी स्वतःच हार मानलीय, असं त्यांना वाटायचं. त्या माणसाचं नाव धुऊन निघावं, एवढ्यासाठी अण्णा जगत होते म्हटलं तर माझ्या नेहमीच्या मापानं ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि मग ते साल आलं. नवरात्रात मोटर जळाली, पाठोपाठ एक भाता फाटला. दोन्ही दुरुस्त झालं, पण काकींनी ठरवलं, पेटीला दृष्ट लागली. खंडेनवमीला अण्णांनी पाने, हातोड्या, करवती ओळीनं मांडल्या, आम्ही झेंडू वाहिला, पेटीला हार घातला, सगळं रीतसर झालं.

दसऱ्याला दहाला फेरी सुटली. या वेळी अण्णांनी वारा लावलाच नव्हता, दमले असावेत. मी टेबलाशी होतो. पंधरा-वीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की खेकडा माझ्या आखलेल्या रेघेच्या डावीकडं चाललाय. वाटलं, टेबल कललंय. काकींनी टेबलाखाली पाचर मारली. खेकडा ऐकेना. पुण्याकडं सरकला, नीरा ओलांडली. आतून अण्णांचा आवाज शांत : "एकशे चव्वेचाळीस डिग्री. सांगलीला सरळ हाय." आणि खेकडा निवांत चालत माझ्या हातानं लिहिलेल्या 'वडूज' या अक्षरांवर चढला.

सुभेदार उठून उभे राहिले. काकींनी पट्टा कानावरून काढला. मी झाकणावर थाप मारली.

अण्णा बाहेर आले, नकाशावर वाकले. रेघेवरून बोट फिरवत मुंबईपर्यंत मागं गेले.

"पारू, पेटीला हात कुणी लावला?"

"मी. काल दिवा लावताना. नाल बांधलीय आत, काट्यांच्या फळीमागं. टांगेवाल्या सैदूकडनं आणली. कुणाची नजर पडू ने अशी बांधलीय."

"लोखंड बांधलंस? कंपासच्या मागं?"

"लोखंड काय म्हंता? घोड्याची नाल हाय ती!"

अण्णा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं आता काकींवर बरसणार. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला बी तसंच वाटलं व्हतं, भाऊसाहेब."

विमान वडूजला उतरलं त्या वर्षी खंडेनवमीला, मुंबईत, विमानाला नवा रंग दिला होता. येणारा-जाणारा वाहवा करत होता. कंपास तपासून झाला, पूजा झाली, आणि निघता निघता अण्णांनी स्वतःच्या हातानं काट्यांच्या फळीमागं, कुणाला दिसू नये अशी, काळ्या दोऱ्यानं नाल बांधली होती.

"पाना इसरलो असतो तर मला झोप लागली नसती," ते म्हणाले. "इतकी वर्सं समदं तपासलं. वारा, घड्याळ, पेट्रोल. लोखंड म्हणून काय काय व्हतं त्याची बी यादी केली. पर नाल त्या यादीत आलीच न्हाई. ती लोखंड हाय हेच डोक्यात न्हाई आलं. ती नाल व्हती."

सुभेदारांनी आपली पदकं टोपलीतून उचलली आणि न लावता खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सांगलीला निघाले. मला सांगलीत काही काम नव्हतं; ते मी काढलं. एस.टी.त अण्णा मांडीवर पिशवी घेऊन बसले. कराडला एकदम म्हणाले, "तोंडावर थुकले तरी पुसायचा न्हाई मी."

कॅप्टन आठल्ये सांगलीत मोटार चालवायला शिकवत. जुनी काळी गाडी, तिला दोन क्लच, दोन ब्रेक. आम्ही गेलो तेव्हा हळदीचे एक अगडबंब अडते चाकाला मिठी मारून बसले होते आणि शेजारी कॅप्टन : पांढऱ्या मिशा, ताठ मान. त्यांनी अण्णांना पाहिलं, मागचं दार उघडलं. "बसा. तास बुडवता येणार नाही." गाडी आचके देत कृष्णेच्या घाटाकडं निघाली. माझ्या आयुष्यातला खरा हवाई प्रवास म्हणाल तर तोच. बहुतेक वेळ आम्ही सीटच्या वर होतो.

"साहेब," अण्णा म्हणाले, "वारा नव्हता."

"मी दर वर्षी तेच लिहितोय. शेठ, क्लच."

"नाल व्हती साहेब. फळीमागं. मी बांधली व्हती."

"क्लच, शेठ. हळू. उसाच्या मोळीवर पाय दिल्यासारखा नको." मग तितक्याच शांतपणे, पुढं बघत : "ठाऊक आहे. वडूजला उतरल्यावर फळीमागं हात घातला तेव्हाच लागली हाताला. त्या शेतकऱ्याच्या विहिरीत टाकून दिली."

अण्णा पुढच्या सीटवर वाकले. "मग चौकशीत बोलला का न्हाई? माझं नाव का न्हाई घेतलं?"

"घेऊन काय झालं असतं? पुण्यापर्यंत लख्ख ऊन होतं, शेडगे. सूर्य समोर. घड्याळात बघायचं, सूर्याकडं बघायचं, कंपास खरा बोलतोय का ते ताडायचं. हे पायलटाचं काम. मी ते केलं नाही, कारण कंपास तू तपासलेला होता. तुझं नाव घेतल्यानं माझी चूक निम्मी झाली असती काय? ती अख्खीच होती."

"न्हाई साहेब, चूक माझी."

"माझी."

"आवं, नाल मी बांधली!"

"अन् विमान कोण चालवत होतं?"

"चूक कुणाची का असंना," अडते घामाघूम होऊन ओरडले, "म्हस आलीय म्होरं!"

कॅप्टननी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. म्हैस गाडीला अंग घासून निघून गेली. मग कॅप्टन मागं वळले. "त्या पेटीत अजून ती नाल आहे?"

"कालच काढली."

"परत बांध. जिथं होती तिथंच. मी रविवारी येतो."

अण्णांनी चाचरत सांगितलं, की फेरी तिच्या तारखेलाच जाते, आता पुढल्या दसऱ्याला. कॅप्टन म्हणाले, "तुझी तारीख मी एवढी वर्षं पाळली. आता माझी पाळ."

रविवारी कॅप्टन आले. बाकी साधे कपडे, डोक्यावर तेवढी जुनी टोपी. दारातल्या टोपलीत त्यांनी विचारायच्या आत किल्ल्या टाकल्या. अण्णा नाल बांधायला तयार नव्हते; हात पुढं जाईना. शेवटी काकींनी बांधली. बाकावर सुभेदार, हुसेनभाई, पोस्टमन आणि मी. अण्णांनी बसायचं नाकारलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

दहा वाजता मोटर सुरू झाली. कॅप्टननी झाकण लावलं नाही. "पुण्यापर्यंत ऊन आहे," ते म्हणाले. छपराच्या काचेच्या कौलातून कवडसा आत पडत होता. पेटी वळेल तसा तो त्यांच्या टोपीवरून खांद्यावर सरकत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. कवडशाकडं पाहिलं. कंपासकडं पाहिलं. परत एकदा सगळं पाहिलं, घाई न करता, आणि मोठ्यानं म्हणाले, "दहा डिग्री डावीकडं ओढतोय."

मग त्यांनी दहा डिग्री उजवीकडं धरलं, झाकण ओढून घेतलं आणि त्यानंतर सव्वा तास आम्हाला ते दिसले नाहीत.

मी इतक्या फेऱ्या केल्या, पण इतक्या शांत बाकावर कधी बसलो नव्हतो. भाते श्वास घेतल्यासारखे चालले होते. काकींनी एकदा शाई भरली. खेकडा माझ्या रेघेवर रेघ ओढत चालला होता. पुणे मागं पडलं. सातारा मागं पडला, म्हणजे आम्ही आमच्याच डोक्यावरून गेलो. वडूज डावीकडं लांब राहिलं. कराडला कृष्णा मिळाली. अण्णा भिंत सोडून एकेक पाऊल पुढं येत होते, ते त्यांना कळत नसावं. साडेअकराला एक मिनिट कमी असताना खेकडा सांगलीवर उभा राहिला आणि मोटर थांबली.

मला वाटलं, आता मिठ्या पडणार, डोळे पुसले जाणार. मी रुमालाची घडीही मोडली होती. पण ती माणसं वेगळ्या धंद्यातली होती.

अण्णा पेटीपाशी गेले. झाकण उघडलं. हाताला वंगण नव्हतं तरी धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि साहेबांना उतरायला दिले. मग दोन पावलं मागं सरून, विमान उतरलं की फिटरनं पायलटाला जे विचारायचं असतं तेच विचारलं, "काही तक्रार, साहेब?"

कॅप्टननी टोपी काढून काखेत धरली. "कंपास दहा डिग्री डावीकडं ओढतो. बघून घ्या."

"बघतो, साहेब."

आणि अण्णा पेटीत शिरले. डोकं खाली, काट्यांच्या फळीमागं. त्यानंतर मी साताऱ्याहून बदलून गेलो. पुढं ते कसे राहिले, किती फेऱ्या केल्या, ते ऐकून आहे, पाहिलेलं नाही. मी पाहिलेले अण्णा तेवढेच : निळ्या पेटीच्या काठावरून बाहेर आलेले दोन वाळके पाय, खाली जोडीनं काढून ठेवलेल्या वहाणा, आणि शेजारी काम संपेपर्यंत हलायचं नाही असे उभे असलेले कॅप्टन.

"गाठ लय घट्ट बसलीय साहेब," आतून आवाज आला. "येळ लागंल."

"लागू दे," कॅप्टन म्हणाले. "उभा आहे मी."